नवीन घर बांधताय? छताचं इन्सुलेशन आणि गरम पाणी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

घराचं काम चालू असताना लोकं टाइल्स आणि किचन ट्रॉलीवर महिना महिना घालवतात, पण गच्चीवर काय टाकायचं आणि गरम पाणी कुठून कसं येणार हे रंगकाम सुरू झाल्यावर आठवतं. तोपर्यंत कोबा झालेला असतो, भिंतीतले पाइप बुजलेले असतात. मग सोलरवाला येतो, गच्चीत ड्रिल मारून स्टँड ठोकतो, पॅरापेटवरून पाइप लोंबकळत बाथरूमपर्यंत नेतो, आणि पहिल्याच मोठ्या पावसात बेडरूमच्या सिलिंगला ओल येते. आमच्या स्वतःच्या पहिल्या घरात हेच झालं, नंतर ओळखीपाळखीच्या घरांतही तेच बघितलं, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

हे आरसीसी स्लॅबच्या स्वतंत्र घरासाठी आहे, म्हणजे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नाशिक, पुणे, सोलापूर असा कोरडा तापणारा पट्टा. कोकणातलं कौलारू घर यात धरलेलं नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), वॉटरप्रूफिंग आणि सोलर (पाणी तापवणारं) ही तीन कामं तीन वेगळी माणसं करतात, पण गच्ची एकच असते. तिन्हीचा निर्णय स्लॅब पडायच्या आधी एकत्र झाला पाहिजे.

१. नकाशा हातात असताना: गच्चीचा कागद काढा

इंजिनिअर खोल्यांचा नकाशा देतो, गच्चीचा म्हणजे फक्त एक रिकामा चौकोन. तो चौकोन तुम्ही भरायचा. त्यावर मापात काढा: पाण्याची टाकी, सोलर हीटर, उद्या विजेचे पॅनेल लावायचे असतील तर त्यांची जागा, जिन्याची केबिन, एसीचे आउटडोअर, डिश, कपडे वाळत घालायच्या तारा. काहीच सोडू नका, कारण जे कागदावर नाही ते नंतर ड्रिलने येतं.

सोलरचं तोंड दक्षिणेला हवं. आता सावली बघा. छत्रपती संभाजीनगर साधारण २० अक्षांशावर आहे, तिथे डिसेंबरात भर दुपारी १२ लासुद्धा सावली वस्तूच्या उंचीएवढी लांब पडते आणि सकाळी ९ ला जवळजवळ दुप्पट. म्हणजे ८ फूट उंच जिन्याची केबिन सोलरच्या आग्नेयेला असेल तर थंडीत सकाळचं बरंच ऊन गेलं, आणि गरम पाणी तर थंडीतच हवं असतं. उन्हाळ्यात उभं राहून "इथे भरपूर ऊन आहे" असं ठरवू नका, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, सगळीकडेच भरपूर ऊन असतं.

थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, म्हणजे तिचा तळ सोलर टाकीच्या माथ्याच्या वर. ही चूक फार होते. टाकी गच्चीवर नुसती ठेवलेली आणि सोलर स्टँडवर, मग टाकी अर्धी झाली की सोलरमध्ये पाणीच चढत नाही. टाकीचा ओटा आधीच उंच बांधून घ्या. १००० लिटरची टाकी भरली की १ टनाच्या पुढे जाते आणि २०० लिटरचं सोलर स्टँडसकट अडीचशे किलोच्या वर, त्यामुळे या दोन्ही जागा बीम किंवा कॉलमच्या डोक्यावर घ्या आणि इंजिनिअरला वजन स्पष्ट सांगा.

बाथरूम शक्यतो एकावर एक आणि सोलरच्या बाजूला. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) पाइपमध्ये दर मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे २० मीटर लांब बाथरूममध्ये नळ सोडला की ५ लिटर गार पाणी आधी वाहून जाणार, रोज, प्रत्येक वेळी. मराठवाड्यात हे परवडणारं नाही.

तपासून घ्या: गच्चीच्या कागदावर प्रत्येक वस्तूचे पाय कुठे टेकणार ते बिंदू दिसतायत का? दिसत नसतील तर पुढे जाऊ नका.

२. गरम पाण्याचं साधन निवडा, पण आधी पाणी तपासा

लोकं सरळ विचारतात की कोणती कंपनी घेऊ. आधी प्रश्न पाण्याचा आहे. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस येत नाही, नळावर पांढरे डाग धरतात, तर निवडच बदलते. लॅबमधून हार्डनेस तपासून घ्या. टीडीएस मीटर हातात धरून "माझं पाणी ठीक आहे" म्हणू नका, टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळं काही, त्यात क्षार किती जमणार ते नीट कळत नाही.

सोलरचे मुख्य दोन प्रकार. काचेच्या नळ्यांचं म्हणजे ईटीसी, आणि सपाट पेटीसारखं तांब्याच्या नळ्यांचं म्हणजे एफपीसी. एफपीसीतल्या तांब्याच्या नळ्या बारीक असतात, जड पाण्यात त्या हळूहळू चोंदतात आणि तीनचार वर्षांत "सोलर तापतच नाही" सुरू होतं. जड पाण्याला एकतर ईटीसी घ्या नाहीतर हीट एक्स्चेंजरवालं एफपीसी, ज्यात तुमचं पाणी त्या बारीक नळ्यांत जातच नाही. ईटीसीतही क्षार साठतात पण नळ्या रुंद असतात म्हणून काम चालतं, वर्षातून एकदा टाकी धुवावी लागते एवढंच. पाणी गोडं असेल, धरणाचं असेल, तर एफपीसी छान टिकतं, माकडांचा त्रास असलेल्या गावात तर मी तेच घ्या म्हणेन.

किती लिटरचं? ४ माणसांना १०० लिटर पुरतं असं दुकानदार सांगतात, बादलीने आंघोळ केली तर पुरतंही. शॉवर असेल, सासुरवाडी माहेर सगळीकडून पाहुणे येणारं घर असेल, किचनला लाइन द्यायची असेल तर २०० घ्या.

सोलर असलं तरी जुलै ऑगस्टात चारचार दिवस ढग असतात, तेव्हा गीझर लागणारच. आणि इथे इन्स्टंट गीझरचा गैरसमज आहे. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर पाणी २० अंशाने तापवून मिनिटाला फक्त २ लिटरच्या आसपास देऊ शकतो, त्याहून जास्त देणं विजेच्या हिशोबात बसतच नाही. किचनच्या सिंकला ठीक, शॉवरला नाही. बाथरूमला १५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा गीझर घ्या.

गच्चीवर ऊन येत नसेल, शेजारी उंच बिल्डिंग असेल, तर हीट पंप बघा, तो साध्या गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापवतो. महाग आहे, आवाज करतो, मोकळ्या हवेत ठेवावा लागतो, पण मोठ्या कुटुंबाला परवडतो.

सावध: गॅस गीझर बाथरूमच्या आत कधीच बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, दार खिडकी बंद असली की माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही. बसवायचाच तर बाहेर, उघड्या जागेत, आणि आत फक्त पाण्याचा पाइप.

सबसिडीचं पण सांगतो कारण यात गोंधळ होतो. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. काही महापालिका सोलर हीटर असलेल्या घराला मालमत्ता करात सूट देतात, तुमच्याकडे आहे का ते कर विभागात विचारा आणि बिलं जपून ठेवा.

३. भिंती: पश्चिमेकडे लक्ष द्या

यात फार वेळ घालवायची गरज नाही, कारण एकमजली घरात किंवा वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते. तरी पश्चिमेची भिंत महत्त्वाची. दुपारी ३ नंतर ऊन आडवं येतं, वरचा छज्जा कितीही पुढे काढला तरी ते खालून आत येतंच. दक्षिणेला दोन फुटी छज्जा उत्तम काम करतो, पश्चिमेला करत नाही. तिथे बेडरूमची मोठी खिडकी काढू नका, जिना, बाथरूम, स्टोअर असं काहीतरी त्या बाजूला घ्या, नाहीतर उभी जाळी किंवा झाड.

एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) साध्या विटेपेक्षा उष्णता चांगली अडवतात, साधारण चौपट. पण मिस्त्रीला सवय विटेची असते, तो ब्लॉक पाण्यात भिजवून काढतो, जाड मसाल्यात लावतो आणि मग प्लास्टरला भेगा पडतात. ब्लॉकवर नुसता पाण्याचा हबका मारायचा, पातळ थराचा ब्लॉकचा मसाला वापरायचा, आणि कॉलम बीमला ब्लॉक जिथे भिडतो तिथे प्लास्टरच्या आधी जाळी मारायची.

४. स्लॅब पडताना

स्लॅबच्या आदल्या दिवशी कागद घेऊन सळईवर चढा. हे स्वतः करा, फोनवर होत नाही. सोलर, टाकी आणि पॅनेलच्या पायांच्या जागी वर सळया सोडलेल्या आहेत का, म्हणजे नंतर त्यावर काँक्रीटचे छोटे ओटे उभे राहतील. गरम आणि थंड पाण्याचे पाइप खाली जायला डक्ट किंवा स्लीव्ह ठेवलीय का. पावसाच्या पाण्याची तोंडं सगळ्यात खालच्या कोपऱ्यात आहेत का, आणि किमान दोन आहेत का, कारण एकात पानं अडकली की गच्चीचा तलाव होतो.

स्लॅबला निदान १० दिवस, जमलं तर १४ दिवस, आळी करून पाणी साठवून ठेवा.

५. गच्चीचे थर, खालून वर

इथे थांबून वाचा, सगळ्यात जास्त चुका इथेच.

आधी का ते बघू. ६ इंची स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री खोलीत सोडतो. आमच्या जुन्या घरी मे महिन्यात रात्री ११ ला स्टुलावर चढून सिलिंगला तळहात लावला तर तो पटकन मागे घ्यावा वाटायचा, पंखा लावला की वरची गरम हवा खाली अंगावर. आई रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची, त्याने तासभर बरं वाटायचं, पण तेच पाणी कोब्याच्या भेगांतून आत मुरत गेलं.

काँक्रीट उष्णता अडवत नाही, ते फक्त उशिरा आत सोडतं. २ इंची एक्सपीएस शीट (टणक फोमची) जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला जवळजवळ ८ फूट जाड काँक्रीट लागेल. त्यामुळे "आम्ही कोबा जाड घेतलाय" याला इन्सुलेशनच्या हिशोबात फार अर्थ नाही. वीटतुकड्यांचा कोबा उतार काढायला आणि वॉटरप्रूफिंगला ठीक, वर त्याचं वजन भरपूर, ४ इंचाला चौरस मीटरमागे पावणेदोनशे ते दोनशे किलो.

घरांसाठी २०१८ चा इको निवास संहिता नावाचा ऊर्जा कोड आहे, त्यात छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, जास्तीत जास्त १.२ सांगितलाय, जितका कमी तितकं चांगलं. उघडा स्लॅब ३ च्या वर जातो. १ इंची एक्सपीएसने तो १ च्या आत येतो, २ इंचीने साधारण ०.५ वर. आपल्या उन्हात मी २ इंचच घ्या म्हणतो, कारण मजुरी दोन्हीला तेवढीच लागते.

आता क्रम:

पहिलं, आळीचे ढिगारे, सिमेंटचे गोळे, लाकडाचे तुकडे सगळं काढून स्लॅब खरवडून धुवून घ्या. भेगा आणि हनीकोम (काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ भोकं) असेल तर ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरा.

दुसरं, सोलर आणि टाकीचे ओटे आत्ता बांधा, पॅरापेट आतून प्लास्टर करून घ्या. वॉटरप्रूफिंगच्या नंतर नाही.

तिसरं, पॅरापेट आणि स्लॅबच्या कोपऱ्यात, आणि प्रत्येक ओट्याच्या बुडाला, मसाल्याने कोपरा भरून गोलवा काढा. काटकोनात कोटिंग हमखास फाटतं.

चौथं, उतार. १०० ला १, म्हणजे १० फुटाला सव्वा इंच. हलका स्क्रीड किंवा कोबा, जे परवडेल ते.

पाचवं, वॉटरप्रूफ कोटिंग, किमान दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. पॅरापेटवर फूटभर वर चढवा, ओट्यांवरही. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोटिंग मारू देऊ नका, ते लगेच सुकून सुटतं, सकाळी लवकर नाहीतर ४ नंतर.

सहावं, पाणी तुंबवून टेस्ट. तोंडं बंद करून २ इंच पाणी, ४८ तास, जमलं तर ७२. पॅरापेटवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण करा आणि शेजारी एक बादली काठोकाठ भरून उघडी ठेवा. उन्हाने बादलीत जेवढं कमी झालं तेवढंच गच्चीवर कमी व्हायला पाहिजे. जास्त कमी झालं तर खाली ओल दिसत नसली तरी कुठेतरी मुरतंय. ही टेस्ट झाल्याशिवाय शीट उघडूसुद्धा नका.

सातवं, एक्सपीएस शीट. खाचेचे जोड एकमेकांत बसवत, विटेसारखे जोड सरकवत. ओट्याभोवती नीट कापून बसवा, फट राहिली तर फोमने भरा. वर जिओटेक्स्टाइल कापड किंवा जाड प्लास्टिक.

आठवं, जाळी टाकून दीड ते दोन इंच काँक्रीटचा थर, १० फुटांच्या चौकोनांत जोड सोडून, जोडात सीलंट.

नववं, वर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) किंवा पांढरी टाइल. पांढरीच. घरमालकाला लाल किंवा करडी आवडते, पण गडद रंग ऊन पितो. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो आणि खालची शीट उरलेलं अडवते, दोन्ही मिळून काम होतं.

सावध: टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्मोकोल टाकून "इन्सुलेशन केलं" असं दाखवणारे आहेत. तो वजनाखाली दबतो, पाणी धरतो. एक्सपीएस शीट हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघा, खड्डा पडायला नको. पाकिटावर डेन्सिटी बघा, घनमीटरला ३२ किलो किंवा जास्त हवी. आणि शीट उघडी असताना गच्चीवर वेल्डिंग किंवा बिडी काहीही नाही, ती पेट घेते.

बजेट अगदीच नसेल तर? मग निदान वॉटरप्रूफिंग आणि त्यावर पांढरं परावर्तक कोटिंग. फरक पडतो, पण धूळ बसली की कमी होतो, धुवावं लागतं, दोनतीन वर्षांनी परत मारावं लागतं.

खोलीच्या आतून थर्मोकोल आणि पीओपी सिलिंग करणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्याने खोली थोडी गार होते पण स्लॅब उन्हातच राहतो, रोज फुगतो आणि आकसतो, आणि वरचं वॉटरप्रूफिंग त्यानेच फाटतं. शीट वरून टाकली तर स्लॅब स्वतःच सावलीत राहतो. आतून फक्त तेव्हाच, जेव्हा वरच्या गच्चीवर तुमचा हक्क नाही.

६. पाइप आणि वायर: प्लास्टरच्या आधी

गरम पाण्याला सीपीव्हीसीच, यूपीव्हीसी नाही, दुकानात दोन्ही पांढरट दिसतात म्हणून पाइपवरची अक्षरं वाचा. उन्हाळ्यात लग्नाला गावी गेलात आणि सोलर आठवडाभर वापरला नाही तर पाणी उकळीच्या जवळ जातं, ते सीपीव्हीसीलाही झेपत नाही, म्हणून सोलरच्या आउटलेटचे पहिले काही फूट जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) घ्या. गच्चीवरच्या उघड्या गरम पाइपला काळं फोमचं आवरण घाला आणि त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी किंवा टेप, नुसतं फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होतं.

भिंत बुजवण्याआधी लाइनला प्रेशर टेस्ट करा, आणि भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मोजपट्टी लावून. पाच वर्षांनी आरसा ठोकताना हेच फोटो कामाला येतात.

गीझरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, ४ स्क्वेअर एमएमची वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच). यात पैसे वाचवू नका, बाथरूममध्ये ओल्या अंगाने उभं राहायचं असतं.

७. सोलर बसवायचा दिवस

त्या दिवशी घरी थांबा. आमच्याकडे मी कामावर होतो आणि फिटरने ओट्यावर न बसवता "इथून पाइप जवळ पडतो" म्हणून चार फूट सरकवून चायना मोझॅकमध्ये अँकर मारले. गळती बेडरूमच्या उत्तर कोपऱ्यात दिसली, म्हणून आधी तिथला कोबा फोडला, काहीच सापडलं नाही. फोडत फोडत गेलो तर भोक दहा फूट लांब होतं आणि तिथपासून सगळे विटांचे तुकडे पिळून काढावे इतके ओले. कोब्यात पाणी आडवं चालतं, गळतं एकीकडे आणि शिरतं दुसरीकडे. त्यामुळे सोलरचे पाय ओट्यावरच, दुसरीकडे एकही भोक नाही, हे लिहून घ्या आणि समोर उभं राहून बघा.

हे तपासा: स्टँडचं तोंड दक्षिणेला. टाकीच्या वरचा एअर व्हेंट पाइप उघडा आणि थंड पाण्याच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, त्याला कुणीही टोपी किंवा नळ लावलेला नको, तो बंद झाला तर टाकी फुगते किंवा पिचकते. थंड पाण्याच्या लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा). घरात प्रेशर पंप असेल तर साधी टाकी चालणार नाही, प्रेशराइज्ड मागवा, ऑर्डर देतानाच.

सावध: ईटीसीच्या रिकाम्या नळ्या उन्हात दुपारभर तापल्या असतील तर त्यात गार पाणी सोडू नका, काच तडकते. पहिलं पाणी भल्या सकाळी भरा. टाकी धुतल्यावरही हाच नियम.

८. खोली गरम ठेवायची असेल तर

निफाड, महाबळेश्वर, विदर्भातला डिसेंबर, इथे महिना दीड महिना पहाटे कुडकुडायला होतं, पण त्यासाठी कायमची हीटिंग सिस्टिम बसवायची गरज नाही. छताची तीच शीट थंडीत घराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. दारं खिडक्यांच्या फटींना रबर पट्टी लावा, आणि घरात म्हातारी माणसं किंवा बाळ असेल तर तेल भरलेला रेडिएटर घ्या, त्याला उघडी तार नसते. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नाही, विझत आलेली असली तरी नाही, गॅस गीझरचाच धोका तिथेही आहे.

९. पहिलं वर्ष

मेच्या शेवटी गच्चीची तोंडं साफ करा, जोडांतलं सीलंट बोटाने दाबून बघा, सुटलं असेल तर भरा. पहिल्या मोठ्या पावसानंतर टॉर्च घेऊन वरच्या मजल्याचं सिलिंग कोपऱ्या कोपऱ्यात बघा, विशेषतः ओट्यांच्या खाली. दिवाळीच्या साफसफाईत सोलरच्या नळ्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि खालचा ड्रेन उघडून टाकीतला गाळ काढा. जड पाणी असेल तर पांढरा चुरा निघेल. तो किती निघतो ते लक्षात ठेवा, पुढच्या वर्षी दुप्पट निघाला तर धुणं सहा महिन्यांवर आणा.

ठेकेदाराचं शेवटचं पेमेंट एक पावसाळा होईपर्यंत थोडं तरी राखून ठेवा, आणि हे काम देतानाच बोलून घ्या, नंतर काढलं की भांडण होतं.